अर्थिंगचा खड्डा

मे महिन्यात नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं
आणि मी दोन बादल्या
दवाखान्याच्या मागच्या भिंतीलगत जमिनीत ओततो.
खाली तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ.
वर, लिंबाखाली बसून कंटाळलेल्या
मंद्रूपच्या एका मामांचा प्रश्न:
"झाड कुठाय वो? पाणी कुणाला घालताय?"

सून आत होती त्यांची. सातव्या महिन्यातच झालेलं बाळ, पेटीत.
मी म्हटलं, मामा, जमीन वाळली
की वीज तिच्यात उतरायला कुरकुरते,
दुसरी वाट शोधते,
पलंगाच्या लोखंडातून, कुणाच्या ओल्या हातातून.
त्यांनी तंबाखूची चिमूट पुढे केली.
पटलं की नाही, कळलं नाही.

मी अंबादास येमूल.
सोळा वर्षं चादरीच्या मागांवर काढली.
धागा तुटला की गाठ, चुटकीसरशी,
चादर विकणाऱ्यालाही सापडायची नाही.
इथं वायरला गाठ मारणारा पोरगा
मी पहिल्याच आठवड्यात घरी पाठवला.

इथं पांढरे सॉकेट आहेत आणि लाल.
लाल म्हणजे लाईट गेली तरी न जाणारे.
त्यांत आजवर मला सापडलेलं:
मोबाईलचे चार्जर, डासांची मशीन,
हंचाटे डॉक्टरांची चहाची किटली,
एकदा चक्क इस्त्री.
मराठी, कन्नड, तेलुगूत चिठ्ठ्या चिकटवल्या,
उर्दूतली रुबीना सिस्टरनं लिहून दिली.
किटली चारही भाषा वाचून पुन्हा तिथंच.

त्या रात्री दोन चाळीसला लाईट गेली.
जनरेटर उठायला अकरा सेकंद घेतो,
तेवढं ओझं बॅटऱ्या वाहतात.
मी आईच्या भाषेत मोजतो,
ओकटी, रेंडु, मूडु…
पदकोंडूला डिझेलचा खोकला ऐकू आला
आणि मी श्वास सोडला.

वर, बाळांच्या खोलीत, एकही यंत्र डगमगलं नव्हतं.
पण सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर
सात हिरव्या रेघांच्या जागी
सात वेळा लिहून आलेलं:
सिग्नल नाही.

यंत्रं जागी होती.
झोपला होता छताला चिकटलेला वायफायचा डबा,
तो तेवढा पांढऱ्या लाईनवर.
जनरेटर आला तरी त्याला डोळे उघडायला
तीन मिनिटं लागली.
माझ्या नकाशात तो नव्हताच.
कंपनीची पोरं येऊन लावून गेली होती,
मी चहा पाजला होता,
कागदावर सही केली होती.

कमल बिराजदार सिस्टर पडद्याला विचारत बसल्या नाहीत.
धावल्या. पेटी, झरोका, छातीवर दोन बोटं.
पुढची पेटी. दोन बोटं.
सिग्नल नाही म्हणजे श्वास नाही, असं नसतं,
पण हे पळाल्याशिवाय कळत नाही.
मी दारात टॉर्च धरून उभा,
सगळे दिवे लागलेले असताना.

सकाळी रजिस्टरात एक रकाना असतो: घटना.
मी लिहिलं, नाही.
मग खोडलं.
लाईट अकरा सेकंद, सिग्नल तीन मिनिटं,
चूक येमूल.
साहेब म्हणाले, कुणाला काही झालं नाही ना,
मग एवढं कशाला?
त्यांना सांगायला मला शब्द सुचले नाहीत.
शिडी घेतली, डबा लाल लाईनवर आणला,
मग दुपारच्या उन्हात मुद्दाम मेन पाडून बघितला.
रेघा चालत राहिल्या.

एक्स-रेच्या बोळात अजून काही पोचत नाही,
भिंतीत शिसं आहे.
तिथं साधी घंटा बसवली, वायरची.
बटण दाबलं की वाजते. एवढंच येतं तिला.

मंद्रूपचे मामा काल गेले
सुनेला घेऊन, पेटी नंबर चारमधल्या नातीला घेऊन.
रिक्षा थांबवून ते मागच्या भिंतीकडे आले,
बाटलीत उरलेलं पाणी
खड्ड्यावर ओतलं, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत.
झाकण बंद होतं.
मी बोललो नाही.