सहा अंडी उधार

ऑडलमला, खालून तिसऱ्या लॉकपाशी,
फळीवर सहा अंडी,
बिस्किटाचा जुना डबा, झाकणाला चीर,
आणि खडूनं लिहिलेलं:
सहाचे दोन पौंड. शेळीला काही घालू नये.

शेळी होती. माणूस कुणी नव्हतं.

मृदुलाची सप्टेंबरपुरती अट अशी
की काठावरून चालत जाऊन मिळेल तेच रांधायचं,
आणि ज्यानं पिकवलं त्याला
एक तरी प्रश्न विचारायचा.
मी म्हटलं, मग तूरडाळ? हिंग? आमसुलं?
ती म्हणाली, ती बोटीनं आलीत,
आपल्यासारखीच,
आणि विषय फोडणीत टाकला.

परवा हॅक ग्रीनला एका बाईनं
कोकराच्या खांद्याचं मटण पुढं केलं.
कुठल्या कुरणातलं, तेही बोटानं दाखवलं.
त्याच कुरणाला लागून आम्ही सकाळी चहा घेतला होता,
कुंपणातून एक तोंड आत आलं होतं,
मृदुलानं त्याच्या नाकावर हात ठेवला होता.
प्रश्न विचारायची पाळी माझी.
एकच सुचला, तो विचारला नाही.
रात्री घेवडा केला.

तर अंडी.
माझ्या खिशात कार्ड, फोन,
आणि लॉकची दारं उघडायची लोखंडी किल्ली.
दोन पौंड नाहीत.
डब्याला कार्ड कळत नाही.
मागं दुसरी बोट खोळंबलेली, पाणी चढत आलेलं,
मी पावतीच्या पाठीवर लिहिलं:
हिरवी बोट, नाव मॉड. पैसे उद्या आणून देतो.
आणि डब्यात टाकलं.
अंडी चांगल्या घरची आहेत, मृदुला म्हणाली,
आपलं काय ते बघू.

पुढं बारा लॉक, मग ॲडर्लीचे पाच.
खांदे भरून आले.
मध्ये एक बदकीण आम्हाला मागं टाकून गेली,
तीही रमतगमत.
संध्याकाळी आम्लेट. मिरची टपावरच्या कुंडीतली.
एका अंड्याचं कवच फिकट निळं,
त्याला पिसाचा तंतू चिकटलेला.
चव सांगत नाही.
उधारीचा घास होता, सावकाश उतरला.

सकाळी शेजारच्या बोटीकडून नाणी घेतली
(म्हणजे उधारी फेडायला उधारी)
आणि कालचा अख्खा दिवस
तासाभरात उलटा चालून गेलो.

ग्लेनिस ब्रेरेटन, सत्तरीच्या पुढची,
शेळीला कोबीचं पान भरवत होती.
पाटी बाकीच्यांसाठी आहे, म्हणाली.
माझी चिठ्ठी तिच्या एप्रनच्या खिशात होती.
बोट वळवून आलास?
नाही, चालत.
तिनं माझ्या बुटांकडं पाहिलं.

आज विचारायचंच, असं ठरवून आलो होतो.
अंडी द्यायची थांबली की कोंबड्यांचं काय होतं?

ती पान मोडत राहिली.
काही शेडमागं फिरतात, फुकट खातात.
काही मी खाल्ल्या.
कुठल्या, ते विचारू नकोस.

मग माझ्या पिशवीत काहीतरी ओतलं,
जांभळी, आंबट वासाची डॅमसनं,
पानं-काटक्यांसकट.
पैसे पुढं केले तर हात मागं घेतला.
म्हटलं, आमच्यात याला शब्द आहे. वानवळा.
तिनं म्हणून पाहिला.
वान-व-ला.
ळ जिभेवरून निसटला
आणि कालव्यात पडला असावा.

बोटीवर आलो तर मृदुला पायरीवर बसलेली.
विचारलास?
विचारला.
काय म्हणाली?
मी पिशवी टेबलावर उपडी केली.
एक डॅमसन घरंगळत जाऊन स्टोव्हखाली गेलं.
मुरांबा होईल, ती म्हणाली,
साखर मात्र बरीच लागेल.

मग दोघंही
साखरेच्या डब्याकडं बघत बसलो.