चार पूर्णांक एक

हॅनकॉकच्या चढावर बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकलेलं.
हार्डवेअरच्या दुकानामागे माझी खोली:
एक हीटर, एक दिवा, सोल्डरचा जळका वास.
विल्हो कांगास आला तो गिटार कोटाच्या आत धरून,
थंडीतून कोकरू आणावं तसा.

म्हणाला, ही बोलत नाही.
म्हणजे बोलते, पण घसा बसल्यासारखी.
नवा पिकअप मीच बसवला, जेवणाच्या टेबलावर,
दोन रात्री लागल्या, हात हा असा.
त्यानं हात दाखवला. तो असाच होता.

मग जरा खाली बघून:
का माझेच कान गेलेत, कुणास ठाऊक.
लेकीनं नोव्हेंबरात कानाचं यंत्र आणलंय.
ड्रॉवरमध्ये आहे.

मी प्लग लावला.
आधी नुसती गुणगुण, जुन्या फ्रिजची असते तशी,
आणि तिच्यामागून कुठूनतरी तार,
पाणी घालून वाढवलेल्या रश्श्यासारखी.
घरी त्यानं ॲम्प्लिफायर दहावर नेला होता.
पिकअप उचलत, उचलत इतका वर आणला होता
की जाड तारा चुंबकाला टेकत होत्या.
ऐकू येत नाही म्हटल्यावर
आपण माणसाच्या तोंडाशी तोंड नेतो, तसं.

स्क्रूड्रायव्हरनं पिकअपवर हलकेच टकटक केली.
पुढची रांग: टक.
मागची रांग:

पुन्हा केली.
मागची रांग:

मीटर म्हणाला, चार पूर्णांक एक.
खोक्यातला कागद म्हणत होता, आठ पूर्णांक दोन.

या एका पेटीत दोन वेटोळी असतात, विल्हो.
केसाहून बारीक तांबं, हजारो वेढे,
एकाची दिशा उलटी, एकाचं चुंबक उलटं.
बाहेरची कुरकुर दोघांत शिरते ती एकमेकांत विरते.
तारेचं म्हणणं मात्र दोघांचं एक, ते दुप्पट होतं.
तो म्हणाला, माझं नि इल्माचं नेमकं याच्या उलट.
मग म्हणाला, तांबं मी चोवीस वर्षं खणलंय.
गुंडाळलं नाही कधी.

झाकण काढलं.
लाल तार, पांढरी तार.
या दोघींनी फक्त एकमेकींना धरायचं, वर टेप, संपलं.
त्यानं दोघींना अर्थाला नेऊन टेकवलं होतं,
पॉटच्या पाठीवर, चण्याएवढ्या गोळ्याखाली.
एक अख्खं वेटोळं जागच्या जागी मुकं.

उरल्या होत्या, तो म्हणाला.
आमच्याकडे उरलेलं सगळं जमिनीतच जायचं.

अर्थाला लागलं की आवाज मिटतो.
माझ्या धंद्यातलं हे पहिलं वाक्य,
धंद्याबाहेर मी ते वापरत नाही.

मी करू? त्यानं विचारलं.
मी इस्त्री त्याच्या हातात दिली
आणि मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले.
उजव्या हाताला डाव्यानं धरून तो वाकला.
रस्त्यावरून बर्फ ढकलणारा ट्रक वर गेला,
परत खाली आला.
जोड झाला. वेडावाकडा, पण चकचकीत.
मी टेप गुंडाळली, पिकअप दोन आटे खाली घेतला,
मीटर लावला: आठ पूर्णांक एक.
एक दशांश कुठे गेला, त्यानं विचारलं.
थंडीत गेला, म्हटलं.

मग त्यानं पोल्काचा पहिला ठोका दिला
आणि पलीकडे दुकानात खिळ्यांचे डबे थरथरले.
मार्लीननं भिंतीवर बुक्की मारली.
विल्होनं घाईघाईनं आवाज कमी केला,
आणि कमी करताना एवढा खूश झालेला माणूस
मी पाहिला नव्हता.

मग माझे कान ठीक आहेत तर.
म्हटलं, मला पिकअप मोजता येतो.

अकरा डॉलर, वर कागदात गुंडाळलेला धुरावलेला मासा.
तो गेल्यावर दिसलं, गिटारचा पट्टा टेबलावरच.
दारातून हाक मारली. विल्हो.
वारा नव्हता, रस्ता रिकामा, तो वीस पावलांवर.
विल्हो.
तिसऱ्यांदा मारली ती चांगली ओरडून,
आणि मग तशीच, स्वेटरवर,
बर्फातून पळत गेले.