परिशिष्ट तीन

खडेबाजारच्या बोळात मी प्रबंध बांधतो.
काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, कायम अर्जंट.
वाचत नाही, पानं जुळवतो.

परवा वडगावच्या विणकरांवरचा आला.
परिशिष्ट तीन, मुलाखत अकरावी:
गणपत यल्लाप्पा दिवटे, वय एकाहत्तर.
‘मागाचा आवाज थांबला की झोप उडते.’

बाबांना ऐकूच येत नव्हतं,
मागानंच कान खाल्ले होते.
आणि त्या तारखेला आम्ही
त्यांचं वर्षश्राद्ध घातलेलं.

मॅडम पेढे घेऊन आल्या.
‘कणा नीट बसवा हं, सर तेवढंच बघतात.’

खळ लावली,
बाबा सुताला लावायचे तशी, पातळ.
नाव सोन्यात ठोकलं.
पैसे मोजून घेतले, बगा.

एक पान मात्र माझ्याकडं राहिलं.

अजून कुणी मागायला आलेलं नाही.