पुठ्ठ्याचं अनेकवचन

ट्राबांट म्हणजे मूळचा पायदळी शिपाई,
चेक मुलखातून आलेला, भाला खांद्यावर,
कुणा सरदाराच्या मागे मागे चालणारा.
असं बाबा सांगत, शब्दकोशात बोट ठेवून.
मग आकाश न्याहाळणाऱ्यांनी तो शब्द उचलला
आणि चंद्रांना दिला:
हेही कुणाच्या तरी मागे मागेच.
मग सत्तावन्न साल. रशियाचा उपग्रह वर टकटक करत फिरला
आणि आमच्या त्स्विकाऊत
एका बुटक्या गाडीला तेच नाव पडलं.
शिपाई, चंद्र, गाडी.
याला बढती म्हणायची की उतरंड,
ते बाबांनी सांगितलं नाही.

माझा जन्म झाला त्या आठवड्यात
त्यांनी गाडीसाठी नाव नोंदवलं.
आईने म्हणे विचारलं, आणि मुलीचं?
तेरा वर्षं आमच्या घरी
एक वाक्य अर्धंच असायचं: आली की...
आली की समुद्रावर जाऊ.
आली की आजोबांना मोठ्या डॉक्टरकडे नेऊ.
आजोबा थांबले नाहीत.

बाबा आठवीला भाषा शिकवत.
येन्स-उवे क्रेचमारने एकदा निबंधात लिहिलं,
कारखान्याच्या फाटकाशी ट्राबांटन उभे होते.
बाबांनी लाल शाईने खोडलं.
ट्राबांटन हे चंद्रांचं अनेकवचन,
गाड्यांचं ट्राबांट्स.
शेपटाला एन असेल तर तो आकाशात,
एस असेल तर रस्त्यावर, नीट लक्षात ठेव.
क्रेचमार उठला.
लोफ्लर सर, ते रात्री उभे असतात. धुकं असतं.
नुसते दिवे दिसतात.
बाबांनी अर्धा गुण परत दिला.

आईला यातलं काही पटत नसे.
ती प्रेसवर.
कापसाच्या थरांत राळ, वरून वाफेचा दाब,
की झालं एक दार.
सुट्टीतही तिच्या केसांना फिनॉलचा वास.
गाडीला ती पुठ्ठा म्हणे, साऱ्या गावासारखी.
आज किती पुठ्ठे? बाबा विचारत.
कितीही झाले तरी पुठ्ठाच, असं म्हणून
ती गरम पाण्यात पाय सोडून बसे.
रोज शेकडो दारं काढणाऱ्या बाईला
तेरा वर्षांनी एक गाडी.

ती आली पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये.
मळकट पांढरी, पण पावतीवर रंग: पपायरस.
बाबा तिच्याभोवती दोनदा फिरले.
मग पुन्हा एकदा.
आई म्हणाली, बघा आता कोण कुणाचा चंद्र.

एकोणनव्वदच्या नोव्हेंबरात
आम्ही हॉफच्या रस्त्याला लागलो
तर पुढे, मागे, चढावर, उतारावर,
निळसर धूर, सगळ्यांना एकच खोकला,
एकाच्या टपावर बाळाची गाडी दोरीने बांधलेली,
एकातला म्हातारा टोपी काढून
समोर कुणी नसताना नमस्कार करत होता.
मी म्हटलं, बाबा, हे सगळे मिळून काय?
एन की एस?
ते पहिल्या गिअरवर बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, खिडकी लाव, धूर येतोय.

पुढच्या वसंतात तेच अनेकवचन
कचराकुंड्यांशेजारी.
किल्ली तशीच लटकलेली,
एकात कुणी बटाट्याची सालं टाकलेली.
क्रेचमारचा मुल्डेच्या काठी, चाकांशिवाय.
क्रेचमार स्वतः श्टुटगार्टला, असं ऐकलं.
एक्याण्णवला कारखान्याला कुलूप.
आईने त्या दिवशी केस धुतले, दोनदा.

पुठ्ठा कुजत नाही, गंजत नाही.
आमच्या बागेत कोंबड्यांच्या खुराड्याला
अजून एक दार आहे, पपायरस.
बाबा नाहीत. त्यांचा शब्दकोश आहे,
ट-च्या पानावर लाल शाईचा ठिपका,
पुढे काही लिहिलेलं नाही.

आई त्र्याऐंशीची. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत.
परवा माझ्या नातवाने तिला विचारलं,
हे कसलं दार?
ती कोंबड्यांना दाणे टाकत होती.
खूप होती रे, म्हणाली,
त्यातलं एक.