पंच्याहत्तर टक्के

जुईने ग्राफिक्स कार्ड आणलं खारघरच्या एका मुलाकडून,
वापरलेलं, पंख्यात कुणाच्या तरी मांजराचे केस.
नऊ हजार. त्यातले दोन माझे,
जे विसरायचं मी कबूल केलंय.

पहिल्याच रात्री ते गरजलं.
ऐरोलीतल्या आमच्या एवढ्याशा बैठकीत
सोफ्यामागे पिठाची गिरणी लागल्यासारखं.
पडद्यावर घाटरस्ता, जुईची लाल गाडी,
आणि दर वळणाला ती अडखळे,
क्षणभर गोठे, मग एकदम पुढे उडी.
कोपऱ्यात आकडा: ब्याण्णव. एक्केचाळीस. ब्याण्णव.
"आई, ताकद कमी पडतेय गं,"
म्हणत तिने पट्टी उजवीकडे ओढली, पार टोकापर्यंत.
गिरणीत आता कुणी खडी दळायला आणली.

भेंडी कढईत टाकून मी बाहेर आले.
एकतीस वर्षं भारप्रेषण केंद्रात काढली मी,
भिंतभर राज्याचा नकाशा
आणि वर एकच आकडा, पन्नासला टेकलेला.
एकोणपन्नास पूर्णांक सात दिसलं की पोटात गोळा.
किती मेगावॅट, याची फुशारकी साहेबांना.
आम्ही डगमग बघायचो.

तापमान दाखव, म्हटलं.
शहाऐंशी.
एवढं तापलं की काय करतं ते?
"स्वतःच मंदावतं. गार झालं की परत पळतं."
म्हणजे प्रत्येक वळणाला त्याला धाप लागते, बाळा.
पट्टी डावीकडे आण.
"डावीकडे?"
जणू मी तिला कॉलेज सोडायला सांगितलं.

नव्वद टक्के. पंच्याऐंशी.
मग व्होल्टेजची वाकडी रेघ,
ती ठिपका धरते, खाली ओढते, श्वास धरते.
हजार मिलिव्होल्ट. साडेनऊशे. नऊशे.
धीर चेपला तसा हावही आली:
आठशे पंचवीस,
आणि पडदा काळा.

पंखे थांबले. शेजारी तळेकरांच्या कुकरची
तिसरी शिट्टी स्पष्ट ऐकू आली.

हा काळोख माझ्या ओळखीचा.
मे महिना, रात्रीचे सव्वाआठ,
आकडा घसरतोय आणि हातात फोन,
समोर उपकेंद्रांची यादी,
वरून तिसरं माझ्या माहेरचं.
"काढा," मी म्हणाले.
"काढलं, मॅडम," पलीकडून.
आकडा सावरला. मी चहा घेतला, साखर जास्त होती.
दोन दिवसांनी आईचा फोन आला.
विजेचा विषय तिने काढलाच नाही.
कंदिलाची काच तडकलीय म्हणाली,
ठाण्याला मिळते का बघ.

"आई? आता काय?"
आठशे पंच्याहत्तर कर, म्हटलं. थोडं राहू दे हाताशी.

पट्टी पंच्याहत्तरवर. चित्रांना वेसण साठाची.
गिरणीवाल्याने पट्टा उतरवला असावा.
एकाहत्तर अंश. कोपऱ्यात
साठ. साठ. एकोणसाठ. साठ.
"पण हे ब्याण्णवपेक्षा कमीच ना,"
ती म्हणत होती, तेवढ्यात वळण आलं
आणि गाडी गेली, पिकल्या पपईतून सुरी जावी तशी.
पुढच्या वळणालाही ती गप्प.
खांदे तेवढे खाली आले होते तिचे.

मी गॅलरीत गेले.
खाडीच्या चिखलात गुडघाभर उभे विजेचे मनोरे,
मधल्या तारा पोटाशी झुकलेल्या.
तेवढी ढील सोडावीच लागते,
उन्हाने तार लांबते, थंडीने आखडते.
काच मिळाली होती मला, जांभळी नाक्याला.
पाठवायची राहून गेली.

आतून जुई ओरडली,
नजर पडद्यावरून न हलवता:
"आई, कढई!"