टॅपेट

चादर ओढली, तर तशीच.
चादरीवर मोर उलटा विणला गेलेला,
म्हणून न विकलेली. खाली माझी बुलेट.
नरसय्या म्हणतो, शुक्रवारी माग बंद,
मग काय करायचं, किक मारायचो.
अकरा वर्षं.

मी पाना उचलतो. तो मनगट धरतो: थांब की, ऐक आधी.
चाळीस वर्षं धोट्यांच्या खडखडाटात
अर्ध्याहून जास्त बहिरा झालेला माणूस
स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवतो,
दुसरं टोक दातांत धरतो, डोळे मिटतो.
एक्झॉस्टचा सैल आहे. केसभर.

केसभरच निघाला.

उन्हं कलल्यावर होटगी रोडला निघालो.
ब्रेक म्हणून दाबला तो गिअर;
मधल्या गाड्यांनी पाय बिघडवलेत.
सिमेंटचा टँकर शिवी दिल्यासारखा हॉर्न मारत गेला.
कापलेल्या ज्वारीची धाटं, गरम वारा,
तलाव दिसेपर्यंत डावं-उजवं
आपापल्या जागी आलं.

परतलो तेव्हा तो ओट्यावर, पाठमोरा,
शेंगा सोलत.
हाक मारून उपयोग नव्हता.
फाटकाशी इंजिन चालूच ठेवलं.

त्यानं शेंगा बाजूला सारल्या,
शहाबादी फरशीवर तळहात ठेवला,
आणि न वळताच म्हणाला,
आता बरोबर.
शुक्रवारी आण.