एकाच रेघेनं

ऑगस्टच्या शेवटी, पहिल्या तासाला
मी एक पिवळा कागद वाटते, पाठपोट छापलेला.
चाचण्या चाळीस टक्के, प्रयोग तीस,
गृहपाठ दहा, सेमिस्टरची परीक्षा वीस.
उशीर झाला तर दिवसाला दहा टक्के वजा.
तळाशी पालकांच्या सहीसाठी जागा.
सह्या येतात. कागद कोणी वाचत नाही.

मग गॉगल, बांधलेले केस, बंद बूट,
मग प्रयोगवहीचे नियम:
पेननंच लिहायचं.
पान फाडायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही.
चुकलं तर त्यावर आडवी एकच रेघ,
खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे.
आणि ब्युरेट वाचताना
शेवटचा अंक अंदाजाचा असतो,
तरीही तो लिहायचा.

"अंदाजाला मार्क कसे?"
मागच्या बाकावरून दरवर्षी कुणीतरी विचारतंच.
दोन खुणांच्या मधलं कुणालाच नीट दिसत नाही, मी म्हणते,
पण डोळे लावून बघितलंत की नाही, ते कळतं.

आता जानेवारी. ईरीच्या सरोवरावरून आलेला बर्फ
पीच स्ट्रीटवर गुडघाभर.
मिठाचा ट्रक दोनदा जाऊन आला, तरी बसेस उशिराच.
जेवणाच्या सुट्टीत मी वह्या तपासतेय,
डब्यातली पोळी गार.

केंड्रा ग्राबोव्स्की, चौथा तास.
वही एक दिवस उशिरा.
पहाटे चारला ती मामाच्या बेकरीत डोनट तळते,
पानांच्या कडेला साखर अजून चिकटलेली.
व्हिनेगरचं टायट्रेशन.
२४.३५, त्यावर रेघ. "थांबायला उशीर झाला. गडद गुलाबी."
२३.९०, त्यावर रेघ. "नळीच्या टोकाशी बुडबुडा होता. आधी बघितलाच नाही."
२२.६५. "मध्ये डुलकी लागली, पण हे बरं आहे."
बरं कुठलं, अकरा टक्क्यांनी चुकलंय.

तिच्या शेजारी कोल्टन.
२०.४०, २०.४०, २०.४०.
रेघ एकही नाही. अक्षर मोत्यासारखं.

आमच्याकडे याला सी.बी.आर. म्हणायचे.
अमळनेर, बारावी, खाकी कव्हर घातलेलं जर्नल,
पहिल्या पानावर प्राचार्यांची सही.
माझी सगळी रीडिंगं चुलतबहिणीच्या जर्नलातून उतरलेली,
तिची कुणाच्या तरी.
परीक्षेला हिंमतभाऊ शिपाई पाणी द्यायच्या निमित्तानं मागून जायचे
आणि ओठांतल्या ओठांत आकडा टाकायचे: दहा दोन.
मी नळी उघडली होती, रंग बदललाही असेल,
पण बघत होते मी त्यांच्या ओठांकडे.
तीसपैकी एकोणतीस.
घरी पेढे वाटले.
गुलाबी होण्याआधीचा तो शेवटचा थेंब
मी पहिल्यांदा नीट पाहिला तो इथे,
चौतिसाव्या वर्षी, दुसऱ्यांना शिकवताना.

अचूकतेला पाचपैकी एक. तो बदलणार नाही,
पिवळ्या कागदाचं मलाही पाळायला हवं.
गणित बरोबर: सात.
वहीला आठपैकी आठ.
सोळा. उशिराचे दोन गेले: चौदा.
मी चौदा लिहिते, लाल नाही, निळ्या पेननं.

बाहेर कुणीतरी गाडीची काच खरवडतंय.

चौदावर एक रेघ मारते, आडवी,
खालचे चौदा दिसतील अशी.
शेजारी सोळा लिहिते.
शेवटचा अंक अंदाजाचा आहे.

कोल्टनची वही उघडीच.
नियमानं वीस होतात, आणि सिद्ध मी काय करणार,
कुठल्या तोंडानं.
ती मिटून गठ्ठ्याच्या तळाशी सरकवते.
तासाची घंटा व्हायला सहा मिनिटं,
आणि गठ्ठ्यात तीनच वह्या उरल्यात.